तोट्याची इमरती

मागच्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यात माझ्या पानात इमरती पडायला लागली आणि मी वाढणाऱ्या बाईचा हातच धरला. "नको हो, तोटा झालाय का काय इथं?" असं माझ्या तोंडून निघून गेलं. शेजारी मुलाची आई बसलेली. शुभकार्यात तोट्याचं नाव काढणारी ही कोण बया, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं. आता त्यांना काय सांगू? बनसोडे सरांचं सगळं सांगायला बसले असते तर पंगती उठल्या असत्या, मांडव सुटला असता, आणि माझं सांगणं अर्ध्यावरच राहिलं असतं. सर जाऊन दोन वर्षं झाली. अजून मला इमरती साधी मिठाई म्हणून खाताच येत नाही.

बनसोडे सर माझे साहेब. आमच्या शहरातल्या उस्मानपुऱ्यात एका मेडिकल दुकानाच्या वर, तीन खोल्यांत, त्यांचा हेज फंड होता. हेज फंड म्हटलं की लोकांना मुंबईतली काचेची इमारत दिसते. आमच्या जिन्यात शेजारच्या दातांच्या दवाखान्यातल्या पेशंटांच्या चपला असायच्या. धंदा असा, की मोजक्या लोकांच्या मोठ्या रकमा एकत्र करून बाजारात लावायच्या, आणि बाजार पडलाच तर सगळं बुडू नये म्हणून उलट बाजूचे सौदेही करून ठेवायचे. कोटीच्या खाली पैसे घ्यायला कायद्यानंच बंदी. त्यामुळं आमच्याकडं येणारे म्हणजे सर्जन, वाळूजचे कारखानदार, वैजापूरचे कापसाचे व्यापारी, आणि औद्योगिक वसाहतीत जमीन गेलेले बिडकीनकडचे शेतकरी. ह्या सगळ्यांचे फोन घ्यायचे आणि सर काय बोलतात ते त्यांना समजेल असं सांगायचं, ही माझी नोकरी.

सर दिसायला अगदी साधे. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चष्मा पुसायला त्याच शर्टाचं टोक. वाढले ह्याच शहरातल्या भावसिंगपुऱ्यात. वडील सरकारी दवाखान्यात कंपाउंडर. शाळेला जाताना वडिलांना "जय भीम" आणि शेजारच्या खालाला "सलाम" करून निघायचं, असं ते सांगायचे. दखनी उर्दू तिथनंच जिभेवर बसली होती. कुणी फार घाई केली की हात वर करून म्हणायचे, "नक्को. ऐसी जल्दी नक्को." पुढं मुंबईत मोठ्या हुद्द्यावर पोचले, पण म्हातारी आई गाव सोडेना, तेव्हा हेच परत आले. मुंबईचे मित्र त्यांना वेड्यात काढायचे. सर म्हणायचे, "बाजार काय, फोनवर पण उघडतो. आई नाही उघडत फोनवर."

दुपारी जेवण झालं की खुर्चीतच डोळे मिटायचे. बाजार चालू असताना! मी नवी होते तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागायचा. एकदा धीर करून उठवलं, "सर, बाजार पडतोय हो."

"मी जागा राहिलो तर थांबणार आहे का तो?" एक डोळा उघडून ते म्हणाले. "बसा ताई, तुम्ही पण जेवून घ्या."

दर तीन महिन्यांनी आमच्याकडं बैठक असायची. बाकीचे फंड ई-मेल पाठवून मोकळे होतात. सर म्हणायचे, ई-मेलमध्ये माणसाचा चेहरा जात नाही. पुढच्या खोलीत सतरंजी, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्च्या. सर उभे राहायचे आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आधी वाईट." मग ह्या तिमाहीत काय चुकलं, कुणाचं ऐकायला नको होतं, कुठं घाई झाली, कुठं उशीर झाला, सगळं खुलासेवार. एकूण नफा झाला असला तरी त्याच्या पोटात दडलेली चूक ओढून बाहेर काढायचे. मला वाटायचं, अहो, कशाला एवढं! लोक खूश होऊन बसलेत, होऊ द्या की खूश.

आणि इमरती. ज्या तिमाहीला तोटा, त्या बैठकीला सर स्वतः स्कूटर काढून जुन्या शहरातल्या त्यांच्या ठरलेल्या दुकानात जायचे आणि गरम इमरती आणायचे. नफा असला की नुसता चहा. पहिल्यांदा मला हे उलटंच वाटलं. मी विचारलं तर म्हणाले, "नफ्याला गोड कशाला लागतंय? तो स्वतःच गोड असतोय. तोटा ऐकायला आलेल्या माणसाच्या तोंडात काहीतरी नको का?" हळूहळू सगळ्यांना हे ठाऊक झालं. जिना चढता चढता लोक वास घ्यायचे. एकदा वैजापूरचे शेठ दारातनंच म्हणाले, "वास आला. किती गेले, सांगून टाका एकदाचं." सगळे हसले. तोटा झाला आणि लोक हसले, असा फंड मी दुसरा पाहिला नाही.

पण काय घेतलंय ते सर कधी सांगायचे नाहीत. झालेलं सगळं सांगणार, चालू असलेलं काही नाही. आमचे एक गुंतवणूकदार होते मुळे डॉक्टर, पोटाचे सर्जन. ते एका लग्नात सरांना धरूनच बसले. "एक नाव सांगा हो. एकच. सध्या कशात आहात?"

सर म्हणाले, "डॉक्टर, पेशंटचं पोट उघडं असताना तुम्ही नातेवाइकांना आत घेता का?"

"छे! कसं घेणार?"

"शिवून झाल्यावर सांगता ना, काय निघालं ते? मी पण शिवून झाल्यावर सांगतो."

डॉक्टर हसले, पण त्यांना ते बोचलंच.

आता तात्या नरवड्यांचं सांगते, कारण तात्यांशिवाय सर पुरे होत नाहीत. तात्या बिडकीनचे. वडिलोपार्जित वावर वसाहतीत गेलं, मोबदला आला. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. पहिल्या दिवशी जिना चढून आले आणि दारातच "राम राम" म्हणाले. सर "जय भीम" म्हणाले. पुढं प्रत्येक भेटीत हे असंच चालायचं, दोघंही आपापलं म्हणायचे आणि मग दोघंही बसायचे.

सरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. "तात्या, तुमची लेक इथं हडको कॉलनीत राहते म्हणता. तिच्या नळाला पाणी कधी येतं?"

"आठ दिसानं. कवा कवा धा दिसानं."

"मग ती तहानलेली राहते का?"

"नाय. टाकी हाय की."

"तर रोज लागणारा पैसा टाकीत ठेवायचा, म्हणजे बँकेत. माझ्याकडं आहे तो नळ. तीन महिन्यांनी एकदा सुटतो, आणि दीड महिना आधी मला लेखी सांगायचं. मधे कितीही आरडाओरडा केला तरी सुटत नाही. मी म्हणतो, तुम्ही बँकेतच ठेवा."

तात्या म्हणाले, "बँकेत ठिवला तर पोरं मोडत्यात. एकाला गाडी पायजे, एकाला हाटेल टाकायचंय. तुमच्याकडं कुलूप हाय म्हनून तर आलो. साहेब, म्या पैसा वाढवाया आलो नाय. वावर मिळंस्तवर सांभाळाया आलोय. मरायच्या आत माज्या पायाखाली माजी माती पायजे, बस्स."

सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग उलट बाजूचे सौदे म्हणजे काय, ते सांगितलं. ते एक कुंपण आहे, त्याला दर महिन्याला खर्च येतो, त्यातनं पीक काही येत नाही. तात्यांना हे सगळ्यात लवकर कळलं. "व्हय, कुपाटीला काटं आनावंच लागत्यात," ते म्हणाले. मुळे डॉक्टरांना हीच गोष्ट समजावताना माझा घसा बसला होता.

तात्या प्रत्येक बैठकीला यायचे. आकडे ऐकायचे नाहीत. शेवटी माझ्याजवळ येऊन तेवढं सांगायचे, अमक्या गावाला एक वावर बघितलं, पाणी नाय. तमक्याला बघितलं, भाऊबंदकी लई. आणि मग एका बैठकीला आले ते हसतच. पैठण रोडच्या आत, विहिरीला बारमाही पाणी असलेलं, काळंभोर रान मिळालं होतं. इसार दिला होता. पुढच्या खिडकीला, म्हणजे नळ सुटायच्या पुढच्या तारखेला, पैसे काढायचा अर्ज त्यांनी तिथंच केला, सरांसमोर सही केली, आणि सरांनी त्यांना चक्क मिठी मारली. सरांना मिठी मारताना मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं.

नंतर काही दिवसांनी सरांची लेक सीए झाली. पुण्याहून तिचा फोन आला, आणि सर एवढे हरखले की सांगायची सोय नाही. आईला फोन केला, मला सांगितलं, खाली मेडिकलवाल्याला सांगितलं. आणि स्कूटर काढून गेले आणि दोन मोठे डबे भरून इमरती घेऊन आले. लेकीला इमरती आवडते! तिची आठवण म्हणून इमरती. दुसरं काही ह्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

दुकानासमोर मुळे डॉक्टर उभे होते.

बैठक नाही, काही नाही, आणि बनसोडे दोन डबे इमरती घेऊन चाललेत. बाजार त्या आठवड्यात आधीच डळमळत होता. डॉक्टरांनी वैजापूरला फोन केला, वैजापूरनं वाळूजला. दुपारपर्यंत माझा फोन थांबेना. "खरं सांगा बाई, किती गेले?" काहीच गेलं नाही हो, लेक सीए झालीय, असं मी म्हणायची, तर पलीकडनं हसायचे. दुसऱ्या दिवशी सगळे जिना चढून वर. शेठ म्हणाले, "लेक सीए झाली तर माणूस पेढे आणतो. इमरती कोण आणतं?" जे खरं होतं ते कुणालाच खरं वाटत नव्हतं, आणि तसं वाटू नये ह्याची सोय सरांनीच करून ठेवली होती.

पैसे काढायच्या अर्जांची मुदत अजून उघडी होती. अर्जांचा ढीग पडला.

मुळे डॉक्टर म्हणाले, "एक करा. आत्ता काय काय घेतलंय त्याची यादी दाखवा. तोटा नसेल तर मी इथंच अर्ज फाडतो."

यादीत दोन छोट्या कंपन्या होत्या. चांगल्या, पण त्यांचे शेअर घेणारे बाजारात थोडेच. डॉक्टरांचे मेहुणे ब्रोकर. आम्हाला ते शेअर विकायची घाई आहे हे एकदा बाहेर फुटलं असतं, तर घेणाऱ्यांनी भाव पाडूनच मागितले असते. सर शांतपणे म्हणाले, "यादी दाखवली तर तुमची भीती जाईल डॉक्टर, आणि सगळ्यांचा पैसा जाईल."

"म्हणजे झाकण्यासारखं काही आहे तर!"

"आहे. तुमचाच पैसा आहे, तोच झाकतोय."

कुणी ऐकलं नाही. मग सरांनी करारातलं ते कलम लावलं, जे पैसे घेताना प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवलेलं होतं. एकाच वेळी फार लोकांनी मागितलं तर प्रत्येकाला मागणीचा थोडाच हिस्सा मिळेल, बाकीचा पुढच्या खिडक्यांना. शिवीगाळ झाली. एकानं खुर्ची लोटली. आणि सगळ्यांची जाता जाता झालेली धक्काबुक्की मला आठवत नाही, मला आठवतात ते टेबलावरचे दोन डबे. कुणी हात लावला नाही त्यांना. संध्याकाळी पुण्याहून लेकीचा फोन आला, "पप्पा, वाटली का इमरती?" सर म्हणाले, "वाटली बेटा. सगळ्यांनी खाल्ली." डब्यांना मुंग्या लागल्या होत्या.

सगळे गेल्यावर मी भांडले. सरळ भांडले. "सर, तात्यांचा अर्ज ह्या गोंधळाच्या आधीचा आहे. त्यांना पूर्ण द्या."

"एका खिडकीचे सगळे अर्ज सारखे, ताई. असंच लिहिलंय."

"मग तुमच्या खिशातनं द्या!"

"माझं सगळं आतच आहे. आईचं पण. बाहेर ठेवलं असतं तर लोकांनी कोणत्या तोंडानं माझ्याकडं ठेवावं?"

"अहो, त्यांचं वावर जाईल हो!"

सर दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला न येता स्कूटरवर बिडकीनकडं गेले, रानाच्या मालकाला तीन महिने थांबा म्हणून हात जोडायला. दुपारी परत आले ते धुळीनं माखलेले. मालक थांबायला तयार नव्हता; इसार परत करून त्यानं रान शहरातल्या एका प्लॉटिंगवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. त्या दिवशी सर जेवलेही नाहीत आणि झोपलेही नाहीत. कोऱ्या स्क्रीनकडं बघत बसले.

तात्या आले तेव्हा सरांनी स्वतः सांगितलं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "समद्यांला तेवढंच?"

"सगळ्यांना तेवढंच. माझ्या आईला पण."

"मंग ठीक हाय." असं म्हणून ते उठले, पिशवी घेतली, जिना उतरले. मी गॅलरीतनं बघितलं तर शेवटच्या पायरीवर, दवाखान्याच्या चपलांच्या शेजारी, तात्या बसले होते. लई वेळ बसले. माझ्यामागं सरही येऊन उभे होते, हे मला नंतर कळलं. मला तेव्हा सरांचा भयंकर राग आला होता. आणि त्यांची कीव येत होती. दोन्ही एकदमच.

पुढं काय झालं ते कुणालाही सांगता येईल. डळमळ थांबली, त्या दोन कंपन्या वर गेल्या, पुढच्या खिडक्यांना प्रत्येकाचा पैसा मिळाला, आणि मागितला होता त्यापेक्षा जास्त मिळाला. मुळे डॉक्टर पेढे घेऊन आले, पैसे परत ठेवून घ्या म्हणायला. सर हसून म्हणाले, "नक्को डॉक्टर." त्यांनी फंड बंद करायचं ठरवलं होतं. मी रडले, समजावलं, अहो सगळं तर नीट झालं! ते म्हणाले, "ताई, एवढी वर्षं मी तोंडानं खरं सांगितलं. पण डब्यापुढं माझं तोंड चाललं नाही. आता कुणाचा पैसा घेऊन झोप नाही लागणार." दुपारची झोप त्यांची त्या दिवसापासून गेलेलीच होती.

शेवटच्या बैठकीला सगळे आले. ज्यांनी शिव्या दिल्या ते सगळ्यात आधी. कपडे चांगले, चेहरे हसरे, सगळ्यांना नफा. मी चहा टाकला. सरांचा पत्ता नाही. अर्ध्या तासानं जिन्यातनं वास आला आणि सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. सर डबा घेऊन आत आले.

शेठ म्हणाले, "आता कशाचा तोटा, साहेब?"

सरांनी डबा सतरंजीवर ठेवला. चष्मा पुसला. "आधी वाईट," ते म्हणाले. "नरवडे तात्यांचं वावर गेलं. नियम बरोबर होता, मी नियमानंच वागलो, पुन्हा वेळ आली तरी तसाच वागेन. आणि त्यांचं वावर गेलं. हा तोटा माझ्या कुठल्याच आकड्यात बसत नाही, म्हणून तोंडानं सांगतोय."

मुळे डॉक्टर खाली बघायला लागले. बाकी कुणालाच कुठं बघावं कळेना. तात्या खुर्चीतनं उठले, सतरंजीवर येऊन बसले, डबा उघडला आणि एक इमरती घेऊन तिचे दोन तुकडे केले. एक सरांच्या पुढं धरला. "खा साहेब," ते म्हणाले. "तुमचंबी कायतरी गेलंच की."

सरांनी तो तुकडा घेतला आणि हातातच धरून उभे राहिले. पाक मनगटापर्यंत ओघळला तरी खाल्ला नाही. मग खाल्ला. मी चहाच्या निमित्तानं आत गेले, कारण मला काही दिसेना झालं होतं.

पुढच्याच महिन्यात सर आईला घेऊन लेकीकडं पुण्याला गेले. फोन व्हायचे, येतो येतो म्हणायचे. मग एकदा लेकीचाच फोन आला. सर, इतकी घाई कशाला केलीत हो? तुम्हीच म्हणायचात ना, ऐसी जल्दी नक्को!

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या बैठकीच्याच दिवशी. सगळे गेल्यावर मी खोल्या आवरत होते, तर खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. गॅलरीत आले. सर पुढं, मागं तात्या, टोपी पिशवीत घातलेली, आणि उरलेल्या इमरतीचा डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला.

"कुठं निघालात सर?" मी वरनं ओरडले.

"बिडकीनला. तात्या त्यांचं जुनं वावर दाखवतो म्हणतात."

"अहो, तिथं आता वसाहत झालीय. आत सोडणार नाहीत तुम्हाला."

"कुपाटीच्या बाहेरनं बघू की!" तात्या ओरडले.

सरांनी मागं न बघता हात हलवला. चौकात पोचल्यावर स्कूटर जरा थांबली, तात्यांनी डबा नीट धरला, आणि दोघं पैठण रोडकडं वळले.